सहा तासांची सही

शनिवारचा शेवटचा तास आमच्या कॉलेजात कोणालाच नको असतो, म्हणून तो माझ्याकडे आला. तासाबरोबर विषयही आला, 'औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य : परिचय'. या विषयाला परीक्षा नाही आणि गुणही नाहीत. गुणपत्रिकेत 'पूर्ण केला' एवढा शेरा येतो आणि संपलं. नऊ वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमचा आवाज खणखणीत आहे. चारही शाखांची मुलं एकत्र बसवायची आहेत." मला तेव्हाच कळायला हवं होतं. आवाजाची स्तुती करून आजवर कोणी मला सोपं काम दिलेलं नाही.

ड्रॉइंग हॉलमध्ये तास होतो. पावसाळ्यात खिडक्या लावून घ्याव्या लागतात, ओल्या छत्र्या कोपऱ्यात गळत असतात आणि साठ-बासष्ट मुलांचे डोळे माझ्या डोक्यावरच्या घड्याळाला चिकटलेले असतात. देवरुखची गाडी केव्हा, लांज्याची केव्हा, सगळं त्यांना पाठ. मागच्या दारातून दोघं-तिघं सटकतात, ते मला दिसतं आणि मला दिसलंय हे त्यांनाही दिसतं. पहिली दोन वर्षं मी ओरडले. नंतर ओरडणं बंद केलं. आता माझंही वय चोपन्न, गुडघे कुरकुरतात आणि शनिवारी मलाही घर दिसत असतं.

शिकवायचं ते मात्र मनापासून शिकवावं असा विषय आहे, हे मला कळत होतं. लग्नाआधी दीड वर्ष मी एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी केली आहे. तेवढ्यात जे पाहिलं ते पुरेसं होतं. म्हणून पहिल्या तासाला मी मुलांना माडाचं उदाहरण देते. घरासमोर माड आहे, त्याला पिकलेले नारळ लागलेत, खालून जायची वाट आहे. काय कराल? मुलं म्हणतात, हेल्मेट घालू. मी म्हणते, शहाण्यांनो, आधी नारळ उतरवा. ते जमत नसेल तर वाट दुसरीकडून काढा. तेही जमत नसेल तर जाळी बांधा. यातलं एकही जमलं नाही तर मग हेल्मेट. आपल्याकडे सुरुवातच हेल्मेटापासून होते आणि हेल्मेट कपाटात असतं. यावर हशा पिकतो, कारण आमच्या वर्कशॉपमधली हेल्मेटं खरोखरच कपाटात असतात. दसऱ्याला बाहेर निघतात, त्यांना हळदकुंकू लागतं, पुन्हा आत जातात. दोन-चार हेल्मेटांवर मागच्या कितीतरी वर्षांचं कुंकू सुकलेलं आहे.

हा विनोद मी नऊ वर्षं केला आणि नऊ वर्षं तो चालला. त्यापुढचं किती पोचलं ते देवाला ठाऊक. वर्षाकाठी एकदा मुलांना कारखाना दाखवायला नेतो, तिथून परतताना गणपतीपुळ्याला गाडी वळते आणि सहलीचं विचारलं तर मुलांना समुद्रच आठवतो. मीही त्यांना दोष देत नाही. कारखान्यात आम्हाला काचेच्या आडून दाखवतात आणि समुद्रात पाय बुडवता येतात.

विषयाचे तास सहा. दीड-दीड तासाचे चार शनिवार. मागच्या वर्षी त्यातला पहिला शनिवार झाला. दुसऱ्या शनिवारी अतिवृष्टीचा इशारा आला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा-कॉलेजांना सुट्टी दिली. तिसऱ्या शनिवारी कॉलेज तपासायला समिती येणार होती, म्हणून आम्ही सगळे फायली लावत बसलो होतो. चौथा शनिवार गणपतीच्या तोंडावर आला आणि त्या दिवशी हॉलमध्ये सात मुलं होती. सात मुलांना काय शिकवणार? त्यांना सोडलं आणि मीही बाजारात कापूर-वाती घ्यायला गेले.

आता इथे थोडं सांगायला हवं. आमच्या मुलांची इंटर्नशिप गणपतीच्या आधीच्या सोमवारी सुरू होते. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटेल, पण त्यात आमच्याकडचा हिशेब आहे. गणपतीत कारखान्यांना माणसं मिळत नाहीत. निम्मा कारखाना रजेवर जातो, उरलेला निम्मा रजा मिळाली नाही म्हणून तोंड फुगवून बसतो. अशा वेळी इंजिनिअरिंगची मुलं फुकट मिळाली तर कोणाला नको आहेत? ज्यांच्या घरी त्या वर्षी सण नसतो किंवा ज्यांना कारखान्यात ओळख हवी असते, ती मुलं थांबतात. बाकीची कागदोपत्री रुजू होतात आणि गावी जातात.

प्रत्येक मुलाबरोबर एक फॉर्म जातो. त्यावर छापलेलं असतं, 'सदर विद्यार्थ्यास सहा तासांचे सुरक्षा प्रशिक्षण देण्यात आले आहे.' खाली शिक्षकाची सही. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी आमचे क्लार्क बासष्ट फॉर्मांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. माझी बॅग टेबलाखाली भरून ठेवलेली होती. सासरी जाऊन घर सारवण्यापासून मोदकाच्या पिठीपर्यंत सगळं व्हायचं होतं, त्यासाठी मी जोडून रजा काढली होती. माझी गाडी चारची होती.

"मॅडम, तुमच्या सह्या झाल्या की मीपण सुटलो," क्लार्क म्हणाले. "माझी साडेचारची."

गणपतीच्या आधीच्या दिवसांत रत्नागिरीत कोणी कोणाला अडवत नाही. बँकेत जा, पंचायतीत जा, एरवी तीन हेलपाटे मारायला लावणारा माणूस चटकन सही करून देतो आणि वर विचारतो, "काय, गाव कुठलं तुमचं? आरक्षण मिळालं?" राहिलेली कामं नंतर बघू, आधी प्रत्येक जण घरी पोचला पाहिजे. पुढच्या आठवड्याच्या नोंदीही आजच करून ठेवतात. यात लबाडी नसते. ही आपल्याकडची माणुसकी आहे आणि मला ती आजही वाईट म्हणवत नाही. मी पेन काढलं आणि बासष्ट सह्या केल्या. तारखेची जागा क्लार्कनीच भरली.

शेवटची पाच-सहा पानं राहिली असताना एक मुलगी आपला फॉर्म न्यायला आली. दापोलीकडच्या एका गावातली, इथे हॉस्टेलवर राहणारी, नेहमी दुसऱ्या बाकावर बसणारी. तिचे चुलते वारल्याला महिनासुद्धा झाला नव्हता, घरी सण नव्हता, म्हणून ती बंदराजवळच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात खरोखरच रुजू होणार होती. तिने फॉर्म हातात घेऊन वाचला. फॉर्म वाचणारी बासष्टात ती एकटीच असावी.

"मॅडम, यात सहा तास लिहिलंय."

"हो."

"आपला एकदाच तास झाला ना?"

मी घड्याळाकडे बघितलं. "अगं, उरलेले गणपती झाल्यावर घेते. फॉर्मशिवाय तुला आत घेणार नाहीत. जा आता, गाडी चुकेल."

तिला कुठलीच गाडी पकडायची नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. "बरं मॅडम," म्हणून तिने फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, कारण बाहेर पाऊस होता, आणि ती गेली. मला चारची गाडी मिळाली. खिडकीपण मिळाली.

माझं सासर सावर्ड्याच्या पुढे आत एका गावात. तिथे आम्हा दोघी जावांच्या जिवावर गणपती उभा राहतो. ऋषिपंचमीच्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते तेव्हा प्राचार्यांचा फोन आला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, त्या इंटर्नशिपच्या फॉर्मवर तुमची सही आहे ना?"

मी हो म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की मासळीच्या कारखान्यात आमच्या एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत अमोनिया गेला आहे, ती दवाखान्यात आहे. कोण, हे मी विचारायच्या आधीच मला कळलं होतं, कारण त्या कारखान्यात ती एकटीच गेली होती. "जिवाला धोका नाही," ते म्हणाले. "आणि सही आहे म्हणजे आपल्यालाही धोका नाही." हे त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं. तेव्हा मला खरंच थोडा धीर वाटला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा जाऊबाई चिडल्या. "गौरी घरात यायच्या आणि तू चाललीस? तिला आईबाप नाहीत का?" मी म्हटलं, आहेत. सहीचं काही बोलले नाही. सावर्ड्याला गाडीत बसले. समोरून येणाऱ्या गाड्या माणसांनी भरून येत होत्या आणि आमच्या गाडीत मी, कंडक्टर आणि चार माणसं. रस्ता अजून बनतोच आहे, जागोजागी गाडी खाली उतरायची आणि वर चढायची. दवाखान्यात पोचेपर्यंत माझं अंग आंबून गेलं होतं.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ती झोपली होती. गालावर, कपाळावर लाल चट्टे. शेजारी स्टुलावर तिचे वडील बसले होते, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, पायांना वाटेतला चिखल तसाच. मी कोण ते सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, सण सोडून कशाला आलाव? बसा. पोरीला औषधान झोप लागलीय आता. पन बोलली मना, मॅडमनी समदा शिकवला होता, माझीच चूक झाली."

मी बसले नाही. काय झालं ते मला नीट कळलं ते तिथेच आलेल्या एका मावशींकडून. त्या कारखान्यात कोळंबी निवडायला जायच्या आणि त्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. कारखान्यात बर्फ आणि थंडी टिकवायला अमोनियाची यंत्रं असतात. त्या यंत्रांत साठलेलं तेल मधूनमधून खालच्या नळातून काढावं लागतं. तेलामागून अमोनियाही येऊ शकतो, म्हणून ते काम दोघांनी करायचं, तोंडाला मुखवटा, डोळ्यांना चष्मा लावून आणि पाणी जवळ ठेवून. हे करणारा माणूस गणपतीला गावी गेला होता. मुखवटे कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली फोरमनच्या खिशात, त्याच्या गावी. यंत्र तर कुरकुरत होतं. मग सुपरवायझरने हिला बोलावलं. हिने तोंडाला रुमाल बांधला, नळ उघडला आणि अमोनिया सरळ तोंडावर आला.

"मी बोलली होती, अगो, त्या खोलीत जाव नको," मावशी सांगत होत्या. "मंग किंकाली आयकली तशी धावलो. ती डोले मिटून भितीला चाचपडत होती, दार गावत नव्हता तिला. आमी चौघींनी उचलली आनि कोलंबी धुवायच्या नलाखाली धरली. सायब बोलतो, दवाखान्यात न्या, गाडी आली. मी बोलली, थांब रे, आधी डोले धुवूदे. माझ्या पोराच्या डोल्यात चुना गेलेला, तवा डाक्टर वराडला होता माझ्यावर, पानी का नाय मारलास म्हनून. अर्धा तास धरली नलाखाली. रडत होती, पन सोडली नाय."

डॉक्टर नंतर मला म्हणाले की जे काही वाचलंय ते त्या अर्ध्या तासाने. डावा डोळा सुधारेल. उजव्याचं आत्ताच सांगता येणार नाही. डोळे पंधरा मिनिटं तरी धुवायचे, गाडीची वाट बघायची नाही, दार कुठे आहे ते आत शिरण्याआधी बघून ठेवायचं, हे सगळं माझ्या वहीत आहे. दुसऱ्या शनिवारचं आहे. त्या दिवशी अतिवृष्टीची सुट्टी होती. कोळंबी निवडणाऱ्या बाईला जे येत होतं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला येत नव्हतं, आणि येतं असं मी लिहून दिलं होतं. मला माझी लाज वाटली. नुसती लाजच नाही, भीतीही वाटली, आणि कोणती जास्त होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी प्राचार्यांचा पुन्हा फोन. सरकारी कारखाने निरीक्षक येणार होते, चौकशी होणार होती. कारखान्याचं म्हणणं सरळ होतं. मुलगी प्रशिक्षित होती, तिला नियम माहीत होते, तिने मुखवटा न घालता नळ उघडला. कागद बोलत होता. हे मान्य झालं की कारखाना सुटला, कॉलेज सुटलं, मीही सुटले. उरली ती एकटी. नियम मोडल्याबद्दल इंटर्नशिप रद्द, म्हणजे वर्ष गेलं. उपचारांची जबाबदारी कोणाचीच नाही. आणि पुढे कुठल्याही कारखान्यात नोकरी मागायला गेली की हा अहवाल तिच्या आधी तिथे पोचलेला असणार.

"तुम्ही फक्त हजेरी पूर्ण करून ठेवा," प्राचार्य म्हणाले. "चार शनिवारांची. निरीक्षक मागतील."

ते काही दुष्ट गृहस्थ नाहीत. मुलांच्या फीसाठी दारोदार हिंडलेले मी त्यांना पाहिलंय. त्यांनाही कॉलेज चालवायचं होतं, आणि माझी निवृत्ती चार वर्षांवर आलेली त्यांना माहीत होती.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. सगळं बंद होतं, शिपायाने स्टाफरूम उघडून दिली. हजेरीपट काढला. इथे मला असं लिहिता आलं असतं की पेन हातात घेतल्यावर माझा हात थरथरला. नाही थरथरला. दुसऱ्या शनिवारची तारीख लिहून मी बासष्टपैकी चाळीस नावांपुढे खुणा केल्या. सगळे हजर दाखवले तर संशय येईल म्हणून अधूनमधून गैरहजर टाकले. सराईत चोरासारखी अक्कल चालत होती माझी. चाळिसाव्या नावाला लक्षात आलं की त्या शनिवारी अख्ख्या जिल्ह्याला सुट्टी होती. मी स्वतःशीच हसले. खरं सांगायचं तर मी थांबले ती आधी पकडलं जाण्याच्या भीतीने. मग तिथेच बसून राहिले. बराच वेळ गेल्यावर माझ्या मनात आलं की या चाळीस खुणांमधली एक खूण तिच्या नावापुढे आहे. दवाखान्यात डोळे बांधून पडलेल्या मुलीला मी दुसऱ्यांदा वर्गात हजर करत होते. तेव्हा मात्र पेन टाकलं.

चौकशी कारखान्याच्या ऑफिसात झाली. निरीक्षक तरुण होते, सर्दीने बेजार. एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला आमचे प्राचार्य आणि मी. फॉर्मवरची माझी सही समोर होतीच. शेजारी तिचा जबाब होता, वडिलांच्या अक्षरात. 'मला कॉलेजात पूर्ण सुरक्षा प्रशिक्षण मिळाले होते. मी ते पाळले नाही. चूक माझी आहे.' खाली तिची सही होती. डोळ्यांवर पट्टी असताना केलेली, त्यामुळे ती ओळ सोडून तिरकी खाली उतरली होती.

"मॅडम, सही तुमची?" निरीक्षकांनी विचारलं.

"सही माझी आहे. मजकूर खोटा आहे. सहा तास झालेच नाहीत. दीड तास झाला."

प्राचार्य घाईने म्हणाले, "मॅडमची प्रकृती हल्ली बरी नसते."

"प्रकृती ठीक आहे," मी म्हटलं. "साहेब, हा हजेरीपट बघा. पहिला शनिवार खरा. दुसऱ्याच्या खुणा मी काल केल्या आहेत. त्या दिवशी सुट्टी होती."

निरीक्षकांनी नाक पुसलं, हजेरीपट ओढून घेतला आणि त्या चाळीस खुणांकडे बघत राहिले. "किती फॉर्मांवर सह्या केल्यात अशा?"

"बासष्ट."

"एका दिवशी?"

"गणपतीला जायचं होतं."

यावर ते मला फाडून खातील असं वाटलं होतं. त्यांनी मान वर करून व्यवस्थापकांना विचारलं, "आणि ती कपाटाची किल्ली?" व्यवस्थापक म्हणाले, फोरमन गावी होते, गणपतीला. निरीक्षक पेन बोटांत फिरवत राहिले. "मीपण गेलो होतो," ते अगदी हळू म्हणाले. "या कारखान्याची तपासणी गेल्या महिन्यात व्हायची होती. गणपतीनंतर करू म्हटलं." मग त्यांनी ते बोलल्याचं विसरल्यासारखं करून लिहायला घेतलं. माझा जबाब दोन पानं झाला. या वेळी वाचून सही केली.

अहवालातून 'प्रशिक्षित' हा शब्द गेला. प्रशिक्षण नसताना आणि साधनं न देता तिला कामाला लावलं, असं त्यात आलं. त्यामुळे उपचार कारखान्याकडे गेले आणि तिचं वर्ष वाचलं. मला खुलासा मागणारं पत्र आलं, माझी चौकशी अजून चालू आहे. स्टाफरूममध्ये काही जण माझ्याशी जपून बोलतात. तो शनिवारचा तास मात्र कोणी माझ्याकडून काढून घेतलेला नाही. तिचा उजवा डोळा धूसर बघतो. पुस्तक वाचताना ती तो मिटून घेते.

पण हे सगळं नंतरचं. जबाब देऊन बाहेर पडले त्या दुपारी मी तडक दवाखान्यात गेले. वाटेत चिकू घेतले. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटत होतं, आणि खरं बोलल्याची थोडी ऐटही आली होती. तिला केव्हा एकदा सांगते असं झालं होतं. तिचा डावा डोळा त्या दिवशी मोकळा केला होता. लाल, सुजलेला, पण उघडा. वडील शेजारी होते. त्यांनी चिकू घेतले आणि सुरी शोधून सोलायला बसले.

"मी त्यांना सांगून आले," मी म्हटलं. "आपला एकच तास झाला होता, सही खोटी होती, सगळं. आता तुझ्यावर काही येणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आनंद झालेला दिसला नाही.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो. आणि तू कशाला लिहून दिलंस की शिकवलं होतं म्हणून?"

ती चादरीची कड बोटांत गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी उगाचच गेले आत."

"उगाच म्हणजे?"

"सुपरवायझरनी सगळ्यांसमोर विचारलं, ट्रेनिंग झालंय ना तुझं? कागदावर तर लिहिलंय. मला काहीच येत नव्हतं, मॅडम. ते नळ मी कधी पाहिलेसुद्धा नव्हते. मला नाही म्हणायचं होतं." तिचा डोळा पाण्याने भरला, तिने तो मिटला. "पण नाही म्हटलं असतं तर तुमची सही खोटी ठरली असती."

काम धोक्याचं वाटलं तर वरिष्ठांना नाही कसं म्हणायचं, हे माझ्या वहीत शेवटच्या पानावर आहे. नऊ वर्षांत मी त्या पानापर्यंत एकदाही पोचले नव्हते. वडिलांनी चिकूची एक फोड तिच्या तळहातावर ठेवली, एक माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "घ्या मॅडम. तुमीपन सकालपास्नं काय खाल्ला नसाल."